जूनमध्ये मत देणाऱ्यांनी नक्की निवडायचं काय? (अमेरिकेतल्या प्रायमऱ्या)

रॅरिटनकाठची | ५ जून २०२४

काल एकाच दिवशी दोन निवडणुका होत्या. तिकडे लोकसभेची मतमोजणी, इकडे न्यू जर्सीत प्रायमरी. आमच्या एडिसनच्या व्हॉट्सॲप गटावर रात्रभर सांगली, बारामती, बीड. शेवटच्या फेरीपर्यंत लोक जागे. न्यू जर्सीच्या मतदानाबद्दल मात्र एक अक्षर नाही, आणि गटातले निम्मे तरी इथले मतदार आहेत. त्यांना नावं ठेवायची तर कोणत्या तोंडाने? बायडन आणि ट्रम्प दोघांनाही उमेदवारीसाठी लागणारे डेलिगेट (पक्षाच्या अधिवेशनातले प्रतिनिधी) १२ मार्चलाच मिळाले. आमची पाळी त्यानंतर बारा आठवड्यांनी.

तिकडच्या वाचकांसाठी थोडक्यात. इथे राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार पक्षश्रेष्ठी जाहीर करत नाहीत. राज्याराज्यांतले मतदार आधी पक्षांतर्गत मतदान करतात (तीच प्रायमरी), त्यावर डेलिगेट वाटले जातात, आणि ते डेलिगेट उन्हाळ्यातल्या अधिवेशनात नाव पक्कं करतात. डेमोक्रॅटिक पक्षात मतांच्या प्रमाणात वाटणी, पण १५ टक्क्यांच्या खाली राहिलात तर शून्य. रिपब्लिकन पक्षात बऱ्याच राज्यांत जिंकणारा सगळं घेऊन जातो. यंदा कॅलिफोर्नियात नियम असा होता की ५० टक्क्यांच्या वर गेलेल्याला १६९ च्या १६९ डेलिगेट.

इथपर्यंत सगळं छान. गोम आहे ती तारखांत. जानेवारीत सुरुवात, जूनमध्ये शेवट. पहिल्या चार-पाच राज्यांनंतर पैसे आटतात, देणगीदार फोन उचलेनासे होतात, आणि एकेक उमेदवार गाशा गुंडाळतो. जूनपर्यंत उरतो तो एकच.

मी नागरिक झाल्यावर पहिलं मत ५ फेब्रुवारी २००८ ला दिलं. त्या वर्षी न्यू जर्सीने हौसेने प्रायमरी अलीकडे आणली होती. क्लिंटन की ओबामा, घराघरात वाद. आमच्याकडे नवरा एका बाजूला, सासूबाई दुसऱ्या (सासूबाईंना मताचा अधिकार नव्हता, म्हणून आवाज मोठा). न्यू जर्सी क्लिंटनबाईंना मिळालं, उमेदवारी ओबामांना. पण त्या वर्षी आपल्या मताची कुणाला तरी गरज आहे असं वाटलं होतं. पुढे वेगळ्या निवडणुकीचा खर्च नको म्हणून राज्याने तारीख परत जूनला नेली.

मग २०१६. न्यू जर्सी आणि कॅलिफोर्निया, दोन्हीकडे ७ जूनला मतदान. ६ जूनच्या संध्याकाळी असोसिएटेड प्रेसने जाहीर करून टाकलं की क्लिंटन यांना पुरेसे डेलिगेट मिळाले. म्हणजे आम्ही रांगेत उभं राहण्याच्या आदल्या रात्री निकाल! त्या हिशोबात सुपरडेलिगेट धरलेले होते, म्हणजे पक्षाचे खासदार, गव्हर्नर, पदाधिकारी, ज्यांना कुणी प्रायमरीत निवडलेलं नव्हतं. क्लिंटन यांच्याविरुद्ध लढणाऱ्या सँडर्सच्या माणसांचा जो संताप झाला, त्यातून २०१८ मध्ये नियम बदलला आणि पहिल्या फेरीत त्यांचं मत काढून घेतलं. रिपब्लिकन बाजूला ट्रम्प यांचे प्रतिस्पर्धी क्रूझ आणि केसिक मेच्या सुरुवातीलाच बाहेर पडले होते.

२०२० मध्ये करोनामुळे जूनची जुलै झाली. तोवर सँडर्सना थांबून तीन महिने उलटले होते.

आता खरं दुखणं सांगते. राष्ट्राध्यक्षपदाला १९९२ पासून न्यू जर्सी प्रत्येक वेळी डेमोक्रॅटिक गेलंय. म्हणजे नोव्हेंबरात राज्य आधीच ठरलेलं आणि जूनमध्ये उमेदवार आधीच ठरलेला. मग या देशाचा राष्ट्राध्यक्ष निवडण्यात माझा वाटा नेमका कुठे? आयोवातला शेतकरी, न्यू हॅम्पशरमधला मास्तर यांच्या दारात उमेदवार उभे राहतात, चहा-कॉफी पितात. आमच्याकडे येतात ते फक्त देणग्या गोळा करायला.

तरीही काल गेले, आणि गेल्याचं समाधान आहे. कारण मतपत्रिकेवर राष्ट्राध्यक्षाच्या खाली आणखी बरंच काही असतं. न्यू जर्सीत 'काउंटी लाइन' नावाचा प्रकार होता. काउंटीतल्या, म्हणजे जिल्ह्यातल्या, पक्षनेत्यांनी ज्यांना आशीर्वाद दिला, त्या सगळ्यांची नावं एका ओळीत, वरपासून खालपर्यंत. बाकीचे कुठेतरी कोपऱ्यात, शोधा म्हणजे सापडतील. २१ पैकी १९ काउंट्यांत हे चालायचं. यंदा सिनेटसाठी उभे असलेले अँडी किम कोर्टात गेले आणि २९ मार्चला न्यायाधीशांनी डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती ती ओळ बंद केली. काल प्रत्येक पदाखाली त्या पदाचे सगळे उमेदवार एकत्र, साध्या चौकटीत. इतकी वर्षं मत देतेय, पण पत्रिका कशी मांडली यावर किती काय अवलंबून असतं ते काल समजलं. सिनेटसाठी किम जिंकले.

माझं मत असं की देशाचे चार-पाच विभाग करावेत आणि दर चार वर्षांनी पहिली पाळी वेगळ्या विभागाला द्यावी. आयोवा आणि न्यू हॅम्पशर यांनी पिढ्यानपिढ्या पहिल्या पंगतीत बसायचं आणि आम्ही पातेलं खरवडायचं, हे बंद व्हावं.

तुमच्या राज्यांत काय अनुभव? पक्षाची भांडणं इथे नकोत, त्यासाठी वेगळे धागे आहेत.

पुणेरी_पगडी | ५ जून २०२४

वाचतोय. मुळातच एक शंका. उमेदवार पक्षाचा, तर तो पक्षाने ठरवावा. रस्त्यावरच्या कुणीही येऊन का ठरवायचा? उद्या विरोधी पक्षाचे लोक मुद्दाम येऊन सगळ्यात पडेल उमेदवार निवडून गेले तर?

रॅरिटनकाठची | ५ जून २०२४

पगडीसाहेब, तुमच्याकडे पक्षानेच ठरवलं ना सांगलीत? काँग्रेस म्हणे आमची जागा, शिवसेना ठाकरे गट म्हणे आमची. दिल्ली-मुंबईत बसून चंद्रहार पाटलांना तिकीट दिलं. विशाल पाटील अपक्ष उभे राहिले आणि काल लाखाच्या फरकाने निवडून आले. राज्यात आघाडीला ३०, महायुतीला १७ आणि उरलेला एक हा. एप्रिलमध्ये सांगलीच्या मतदारांना विचारलं असतं तर एवढा तमाशा झालाच नसता.

पुणेरी_पगडी | ५ जून २०२४

सांगली अपवाद आहे. आणि विशाल पाटील वसंतदादांचे नातू, ते विसरू नका. तुमची प्रायमरी घेतली असती तरी नातूच आला असता.

पण एबी फॉर्म हातात पडेपर्यंत इच्छुकांचा जो जीव टांगणीला लागतो, शेवटच्या तासाला कुणीतरी गाडीतून फॉर्म घेऊन पळत येतो, ते पाहिलं की वाटतं काहीतरी पद्धत असावी खरी. सहा महिन्यांचं वेळापत्रक मात्र नको. आम्हाला कामं आहेत.

मक्याचं_कणीस | ६ जून २०२४

डे मॉइनहून (आयोवा). आमच्यावर सगळे जळतात, त्यामुळे चार शब्द लिहितो.

आमच्याकडे प्रायमरीऐवजी कॉकस. कॉकस म्हणजे मतपेटी नव्हे. शाळेच्या जिममध्ये संध्याकाळी सातला जमायचं. डेमोक्रॅटिक कॉकसमध्ये २०२० पर्यंत प्रत्येक उमेदवाराचा एक कोपरा असायचा, तिथे जाऊन उभं राहायचं. ज्याच्या कोपऱ्यात १५ टक्के माणसं नाहीत तो बाद, आणि त्याच्या माणसांनी दुसरीकडे जायचं. मग इतर कोपऱ्यांतले लोक ओढायला येतात. २०२० मध्ये मला शेजारच्या बाईंनी घरी केलेल्या बिस्किटांची लालूच दाखवली होती. मत गुप्त वगैरे काही नाही, अख्ख्या गल्लीला कळतं तुम्ही कुणाचे.

त्या रात्रीची फजिती जगाने पाहिली. निकाल कळवायचं नवीन ॲप कोसळलं, फोन लागेनात, निकाल यायला दिवसांमागून दिवस गेले. बुटिजेज यांना १४ डेलिगेट, सँडर्स यांना १२, पण मतं सँडर्सना जास्त. असोसिएटेड प्रेसने शेवटपर्यंत विजेता जाहीरच केला नाही. डेमोक्रॅटिक पक्षाने नंतर आमचा पहिला नंबर काढून घेतला तो काही उगाच नाही.

यंदा राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारासाठी मतदान फक्त रिपब्लिकन कॉकसात झालं, १५ जानेवारीला, हाडं गोठवणाऱ्या थंडीत. सुमारे १ लाख १० हजार लोक आले. ट्रम्प ५१ टक्के, डिसँटिस २१, हेली १९. मजा म्हणजे काही ठिकाणी भाषणं चालू होती, मतदान व्हायचं होतं, आणि टीव्हीवर ट्रम्प जिंकल्याचं सांगूनही झालं. न्यू जर्सीवाल्यांनो, पहिल्या पंगतीतही कधी कधी जेवण असं असतं!

तरी आमची एक बाजू ऐका. इथे पैसा नसलेला माणूस उभा राहू शकतो. जत्रेत, म्हणजे ऑगस्टमधल्या स्टेट फेअरला, गवताच्या गाठोड्यांमध्ये उभं राहून भाषण द्यायचं, लोणी थापून केलेली गाय पाहायची, पोर्क चॉप भाजायचे (आमच्या शाकाहारी मंडळींनी उमेदवाराबरोबर फोटो तेवढा काढला), आणि कुणीही वाट्टेल तो प्रश्न विचारायचा. १९७६ मध्ये जिमी कार्टर हे नाव कुणाला माहीत नव्हतं. इथे 'अजून ठरलं नाही' म्हणणाऱ्यांच्या मागे ते दुसरे आले आणि तेवढ्यावर देशभर नाव झालं. २००८ मध्ये ओबामा गोऱ्यांच्या राज्यात जिंकू शकतात हे आधी आम्ही दाखवलं. सगळा विभाग एका दिवशी मत देणार असेल तर त्या उमेदवाराला टीव्हीच्या जाहिराती परवडतील का?

ह्यूस्टनचे_तात्या | ६ जून २०२४

कणीसला अनुमोदन. ताई, २००८ ला तुमचं राज्य पुढे आलं तेव्हा त्याच दिवशी वीसहून जास्त राज्यं होती. किती उमेदवार आले एडिसनला? सगळ्यांनीच पुढे यायचं म्हटलं की पुढे येण्याला अर्थच राहत नाही. मिशिगन आणि फ्लोरिडाने त्याच वर्षी रांग मोडली तर डेमोक्रॅटिक पक्षाने आधी त्यांचे सगळे डेलिगेट कापले, मग अर्धं अर्धं मत दिलं, आणि उमेदवार ठरल्यावर अधिवेशनात पूर्ण मत परत केलं.

आमच्या टेक्सासात पक्षाची नोंदणीच नसते. मार्चमध्ये केंद्रावर जाऊन सांगायचं, यंदा या पक्षाची पत्रिका द्या. एका पक्षाची घेतली की त्या वर्षीच्या दुसऱ्या फेरीत विरुद्ध पक्षात जाता येत नाही, एवढंच बंधन. १९९४ नंतर राज्यव्यापी पदावर एकही डेमोक्रॅट निवडून आलेला नाही. त्यामुळे इथे मार्चच महत्त्वाचा. माझ्या ओळखीतले बरेच डेमोक्रॅट रिपब्लिकन पत्रिका घेतात, निदान कोण येणार ते तरी ठरवू म्हणून. पगडीसाहेबांना वाटतो तसा घातपात क्वचितच होतो. माणूस एवढ्या लांब उन्हातून येतो तो स्वतःला हवं तेच द्यायला.

मी यंदा हेलीबाईंना मत दिलं. हरल्या. दुसऱ्या दिवशी माघारही घेतली. तक्रार नाही, मोजून हरवलं.

बे_एरियातला_बेडूक | ६ जून २०२४

वेळापत्रकाचा आणखी एक बळी. २०२० ला कॅलिफोर्निया ३ मार्चला होतं. आमच्याकडे मतपत्रिका टपालाने घरी येते, महिनाभर आधी. मी शहाण्यासारखं लवकर भरून पाठवलं, बुटिजेज. २९ फेब्रुवारीला साउथ कॅरोलायना, १ मार्चच्या संध्याकाळी बुटिजेज बाहेर. २ मार्चला क्लोबुशार बाहेर. ३ मार्चला माझं मत एका माजी उमेदवाराच्या नावावर मोजलं गेलं. बायको शेवटच्या दिवसापर्यंत थांबली होती. अजून ऐकवते.

यावर उपाय आहे. पसंतीक्रम लिहायचा, पहिला गळला तर मत दुसऱ्याला. २०२० मध्ये अलास्का, हवाई, कॅन्सस, वायोमिंग इथल्या डेमोक्रॅटिक प्रायमऱ्यांत तसंच झालं. आपल्याकडे राज्यसभेच्या निवडणुकीत आमदार पसंतीक्रम लिहितातच की.

पामेटो | ७ जून २०२४

साउथ कॅरोलायना, ग्रीनव्हिल. बेडूकराव, तुमचं मत आम्हीच वाया घालवलं म्हणायचं!

२०२० मध्ये बायडन आयोवात चौथे, न्यू हॅम्पशरमध्ये पाचवे. पत्रकारांनी श्राद्ध घालून झालं होतं. १९८८, २००८ आणि २०२० अशा तीन प्रयत्नांत माणसाने एकही प्रायमरी जिंकलेली नव्हती. २६ फेब्रुवारीला खासदार क्लायबर्न यांनी पाठिंबा दिला. इथल्या काळ्या समाजात त्यांच्या शब्दाला काय वजन आहे ते बाहेरच्याला कळणं कठीण. डेमोक्रॅटिक प्रायमरीतले अर्ध्याहून जास्त मतदार काळे, आणि त्यांतल्या वयस्कर बायका चर्चच्या बाहेर उभ्या राहून हिशोब मांडत होत्या. आवडतो कोण हा प्रश्न नव्हता, नोव्हेंबरात गोरे शेजारी कुणाला सहन करतील हा होता. ४८ टक्क्यांच्या वर मतं पडली आणि तीन दिवसांत बायडननी १० राज्यं घेतली.

म्हणून पहिल्या नंबराला माझा विरोध नाही, तो कुणाला द्यायचा याला अर्थ आहे. २०२४ साठी डेमोक्रॅटिक पक्षाने तो आम्हाला दिला. न्यू हॅम्पशरने ऐकलं नाही, त्यांच्या राज्याच्या कायद्यातच आहे की पहिली प्रायमरी आमची. मग बायडन यांचं नाव तिथल्या पत्रिकेवर नव्हतंच, लोकांनी हाताने लिहून जिंकवलं.

रॅरिटनकाठची | ७ जून २०२४

पामेटो, पटलं. पण चर्चबाहेरच्या त्या बायकांसारखा हिशोब आमच्या न्यूअर्कमधल्या काळ्या बायकाही मांडतात, आणि त्यांचं मत जुलैत मोजलं गेलं. तुमच्या राज्याच्या बायकांनी त्यांच्यासाठी ठरवलं. निवड चांगली की वाईट हा प्रश्नच नाही.

सेव्हन_ट्रेन | ८ जून २०२४

न्यूयॉर्कच्या क्वीन्समधून. आमच्याकडे दार पूर्ण बंद. पक्षात नोंद नसेल तर प्रायमरी नाही. २०१६ ला एप्रिलच्या प्रायमरीसाठी पक्ष बदलायची मुदत आदल्या ऑक्टोबरात संपली होती. इव्हांका आणि एरिक ट्रम्प यांना स्वतःच्या वडिलांना मत देता आलं नाही! आमच्या इमारतीतल्या सँडर्सभक्त पोरांचं तेच झालं, फक्त त्यांची बातमी आली नाही. नंतर कायदा थोडा सैल झाला.

न्यू जर्सीत बरं आहे असं ऐकतो, अपक्ष मतदाराला त्याच दिवशी केंद्रावर पक्ष सांगता येतो.

नुसताच_वाचक | ८ जून २०२४

नेव्हाडाचं राहिलं. यंदा रिपब्लिकनांची तिथे प्रायमरीही झाली आणि दोन दिवसांनी कॉकसही. डेलिगेट फक्त कॉकसला. ट्रम्प कॉकसमध्ये, हेली प्रायमरीत. प्रायमरीत दुसरा दमदार उमेदवार नव्हता, तरी हेली हरल्या. कुणाकडून? 'यांपैकी कोणीही नाही'कडून! नेव्हाडात हा पर्याय १९७५ पासून आहे, आपला नोटा आला २०१३ मध्ये. आणि परवा इंदूरला नोटाने २ लाखांचा आकडा ओलांडला.

मिशिगनमध्येही फेब्रुवारीत लाखाच्या वर लोकांनी गाझाच्या मुद्द्यावर 'अनकमिटेड'वर (कुणालाच बांधील नाही) शिक्का मारला. उमेदवार एकच उरला तरी मतदाराला काहीतरी बोलायचं असतंच.

जुनं_खोड | ९ जून २०२४

शिकागोला १९६७ पासून आहे, तेव्हा पगडीसाहेबांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मीच देतो.

पक्षाने ठरवायची पद्धत इथे होतीच की. १९६८ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे ह्युबर्ट हम्फ्री, तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष, यांनी एकाही प्रायमरीत भाग घेतला नाही. व्हिएतनाम युद्धाला विरोध करणारे मकार्थी आणि रॉबर्ट केनेडी गावोगाव मतं मागत फिरले, केनेडींना जूनमध्ये गोळी घातली, आणि ऑगस्टमध्ये आमच्या शहरात अधिवेशन भरलं. आत नेत्यांनी हम्फ्रींना उमेदवारी दिली, बाहेर मिशिगन ॲव्हेन्यूवर पोलिसांच्या लाठ्या. मी विद्यार्थी, व्हिसाची भीती, त्यामुळे खोलीत बसून टीव्हीवर पाहिलं. हम्फ्री नोव्हेंबरात हरले. त्यानंतर मॅकगव्हर्न-फ्रेझर समिती बसली आणि नेत्यांच्या हातातली दोरी मतदारांकडे आली. आयोवाचा पहिला नंबरसुद्धा १९७२ पासूनचा, त्याच बदलांतून पडलेला. कुणी मोठा विचार करून दिलेला नाही तो.

डेलिगेट कोण असतात याचीही गंमत ऐका. इलिनॉयच्या रिपब्लिकन प्रायमरीत डेलिगेटांची नावं पत्रिकेवर असतात, कंसात त्यांचा उमेदवार. २०१६ मध्ये ट्रम्प यांच्याच डेलिगेटांपैकी ज्यांची नावं मुसलमानी किंवा परदेशी वाटत होती, त्यांना जोडीच्या डेलिगेटांपेक्षा हजारोंनी कमी मतं पडली. उमेदवार तोच, आडनावाला नकार. आपल्या पोरांनी राजकारणात जाताना हे लक्षात ठेवावं.

सेव्हन_ट्रेन | २२ जुलै २०२४

धागा वर काढतोय. काल बायडन यांनी माघार घेतली. रॅरिटनकाठची, तुमच्या जूनच्या मताचं आता काय?

ह्यूस्टनचे_तात्या | २२ जुलै २०२४

हेच विचारायला आलो होतो. १ कोटी ४० लाखांवर लोकांनी प्रायमरीत त्यांना मत दिलं. ते सगळं एका पत्राने रद्द, आणि आता चार हजारांच्या आसपास डेलिगेट ठरवणार. जुनं खोड काका, १९६८ परत आलं म्हणायचं का? अधिवेशनही शिकागोलाच!

रॅरिटनकाठची | २२ जुलै २०२४

तात्या, टोमणा पोचला. पण माझ्या हातून काय गेलं ते तरी सांगा. जूनमध्ये मला निवड मिळालीच नव्हती. फ्लोरिडात डेमोक्रॅटिक पक्षाने बायडन यांचं एकच नाव दिलं आणि राष्ट्राध्यक्षाची प्रायमरीच झाली नाही. खासदार डीन फिलिप्स उभे राहिले तर त्यांना वेड्यात काढलं. माणूस दमलाय का, हा प्रश्न प्रायमरीत विचारायचा होता. तो विचारला गेला २७ जूनच्या वादचर्चेत, शेवटच्या प्रायमऱ्या उरकल्यावर. वेळापत्रकावर माझा जो राग आहे तो हाच.

आणि रिपब्लिकनांनी २०२० मध्ये साउथ कॅरोलायना, नेव्हाडा, ॲरिझोनाच्या प्रायमऱ्या रद्द केल्या होत्या. खुर्चीत बसलेला राष्ट्राध्यक्ष असला की दोन्ही पक्ष दार लावून घेतात.

ह्यूस्टनचे_तात्या | २२ जुलै २०२४

ते चूकच होतं. पण एका चुकीने दुसरी धुतली जात नाही. उपराष्ट्राध्यक्ष हॅरिसबाई २०१९ च्या डिसेंबरात, पहिलं मत पडण्याआधी, शर्यतीतून बाहेर पडल्या होत्या. आजवर राष्ट्राध्यक्षपदाच्या एकाही प्रायमरीत त्यांना डेलिगेट मिळालेला नाही. आता थेट उमेदवार!

जुनं_खोड | २३ जुलै २०२४

१९६८ नाही, तात्या. तेव्हा मतदारांनी एक सांगितलं आणि नेत्यांनी दुसरं केलं. आता निवडून आलेला माणूस स्वतः बाजूला झालाय. डेलिगेटांच्या नियमात शब्दच असे आहेत की त्यांनी सद्सद्विवेकाने आपल्या मतदारांची भावना मांडावी. बायडन यांच्याबरोबर हॅरिस यांचंही नाव मतदारांनी गृहीत धरलं होतं, असं म्हणायला जागा आहे. पण चार आठवड्यांत दोन-तीन उमेदवारांच्या सभा झाल्या असत्या तर मला आवडलं असतं.

मक्याचं_कणीस | २३ जुलै २०२४

आमचा जिम रिकामाच आहे, हवा असेल तर सांगा.

मिशिगनची_मिसळ | ७ ऑगस्ट २०२४

परवा हॅरिस यांची उमेदवारी ऑनलाइन मतदानाने पक्की झाली, ९९ टक्के डेलिगेट. त्यावर इथे पुरेसं भांडून झालंय, म्हणून वेगळी बातमी. काल आमच्याकडे काँग्रेसच्या प्रायमऱ्या होत्या आणि बेळगावात वाढलेले आपले श्री ठाणेदार डेट्रॉइटमधून पुन्हा जिंकले. नोव्हेंबरात तिथे डेमोक्रॅट येणारच, त्यामुळे खरी निवडणूक कालचीच.

२०१८ मध्ये ते गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत तिसरे आले होते. २०२२ मध्ये काँग्रेससाठी नऊ उमेदवारांच्या गर्दीत २८ टक्क्यांवर उमेदवारी मिळाली. म्हणजे ७२ टक्के लोकांना दुसरं कुणीतरी हवं होतं. मराठी माणूस म्हणून आनंद आहेच, पण बेडूकरावांचा पसंतीक्रम तेव्हा असता तर काय झालं असतं कोण जाणे.

नवीनच_आलोय | ९ ऑगस्ट २०२४

सगळा धागा वाचला. मी मागच्या महिन्यात नागरिक झालो, वुडब्रिजला राहतो. ताई, न्यू जर्सीत मतदार नोंदणीच्या अर्जात पक्षाचा रकाना भरावा की कोरा ठेवावा? आणि पुढची प्रायमरी एकदम २०२८ लाच का?

रॅरिटनकाठची | ९ ऑगस्ट २०२४

अभिनंदन! रकाना कोरा ठेवलात तरी प्रायमरीच्या दिवशी केंद्रावर पक्ष सांगता येतो, मग त्या पक्षात तुमची नोंद होते. एकदा नोंद झाल्यावर दुसऱ्या पक्षात जायचं असेल तर प्रायमरीच्या ५५ दिवस आधी अर्ज द्यावा लागतो, तेवढं ध्यानात ठेवा.

आणि २०२८ कशाला? पुढच्याच वर्षी, १० जून २०२५ ला गव्हर्नरची प्रायमरी आहे. मर्फी यांची मुदत संपतेय, जागा रिकामी, दोन्ही पक्षांत इच्छुकांची रीघ लागणार. आधी मत देणारं दुसरं राज्य नाही, की शर्यत अगोदर संपवणारा आयोवा नाही. काउंटी लाइनचं प्रकरण अजून पुरतं मिटलेलं नाही, ती परत आली तर पत्रिकेच्या कोपऱ्यातली नावंही नीट वाचा. वुडब्रिजला कुणी इच्छुक सभेला आला तर इथे कळवा, मी एडिसनहून येते.